तांदळाखालची मालती

सरकारी कागदपत्रांप्रमाणे मला दोन बायका आहेत, हे मला लग्नानंतर सहा वर्षांनी कळलं. नेदरलँड्समधल्या एका नगरपालिकेत, तीन नंबरच्या खिडकीवर. त्या वेळी दोघीही माझ्या शेजारी बसल्या होत्या. एकाच खुर्चीत.

दोन हजार पाच सालचा सप्टेंबर. मी नायमेखनला सेमीकंडक्टरच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहायचो आणि तिथून सायकलने वीस मिनिटांवरच्या एका गावात आम्ही दोघं राहत होतो. बायको, केतकी, मायक्रोबायॉलॉजीची एम.एस्सी. पण माझ्या व्हिसाच्या शेपटाला बांधून आलेली, त्यामुळे तीन वर्षं तिच्या सगळ्या ज्ञानाचा उपयोग दही लावण्याकडे होत होता. (दही उत्कृष्ट लागायचं.) त्या तीन वर्षांत ती डच शिकली, समोरून वारा असताना सायकल चालवायला शिकली, शेजारणीशी हवामानावर अर्धा तास बोलायला शिकली. मी तेवढ्याच काळात ‘दांक यू वेल’ म्हणजे ‘आभारी आहे’ एवढं शिकलो आणि तेही बहुतेक वेळा नको तिथे वापरलं.

आणि मग तिला नायमेखनच्या एका प्रयोगशाळेचं पत्र आलं. नोकरी! एक ऑक्टोबरपासून! ते पत्र तिने चार वेळा वाचलं, मग जिन्यात बसून चांगली रडली आणि त्या दिवशी दही लावायचं विसरली. तीन वर्षांत पहिल्यांदा. मला तेव्हा खरोखर भरून आलं, हे नमूद करून ठेवतो. कारण पुढच्या मजकुरात माझ्याबद्दल चांगलं असं फारसं काही नाही.

पत्राच्या तळाशी दोन ओळी होत्या. आपल्या पदवीवरचं नाव आणि निवासी परवान्यावरचं नाव यांत फरक दिसतो. तरी दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचा कागद खेमेन्टेतून, म्हणजे नगरपालिकेतून, रुजू होण्यापूर्वी आणावा.

“एवढंच ना?” मी म्हटलं, “दहा मिनिटांचं काम!”

तीन नंबरच्या खिडकीमागे एक उंच बाई बसल्या होत्या. समोरच्या पाटीवर आडनावाच्या आधी जे. एम. पी. डब्ल्यू. अशी चार आद्याक्षरं होती. हात पुढे करून त्या म्हणाल्या, “मी अनेमीक.” चारांतलं एकही अक्षर अनेमीकचं नव्हतं, पण मी भारतीय माणूस, खिडकीमागच्या माणसाला उलट प्रश्न विचारत नाही. (पुढचं संभाषण इंग्रजीत झालं. इथे सोयीसाठी मराठीत देतो. त्यातला थंडपणा वाचकांनी मनानेच घालून घ्यावा.)

बाईंनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. पहिल्यावर बोट ठेवलं.

“केतकी वासुदेव रानडे. या कोण?”

“मी,” केतकी म्हणाली.

“मालती अविनाश गोखले. या?”

“त्याही मीच.”

“अविनाश हे बाईचं नाव असतं?”

“नाही. ते याचं नाव आहे,” केतकीने माझ्याकडे अंगठा केला.

“तुमचं नाव यांच्या नावात कसं आलं?”

“आमच्याकडे लग्न झालं की मधे नवऱ्याचं नाव येतं,” मी सांगितलं.

“आणि वासुदेव?”

“ते हिचे वडील.”

“त्यांचं काय झालं?” बाईंचा आवाज एकदम मऊ झाला.

“काही नाही. सांगलीत असतात. परवाच बोललो त्यांच्याशी.”

बाईंनी चष्मा काढला. “म्हणजे माणूस जिवंत असताना तुम्ही त्यांना काढून टाकलंत. नाव बदललं, वडील बदलले, आडनाव बदललं. मग या बाईंचं मूळचं राहिलं काय?”

“जन्मतारीख,” केतकी म्हणाली.

मी समजावून सांगायचं ठरवलं. (इथेच माझं चुकलं.) आमच्या लग्नात एक विधी असतो, म्हटलं. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. बाई शांतपणे ऐकत होत्या.

“तांदळात.”

“हो.”

“आणि ती नोंद नंतर कुठे ठेवतात?”

“तांदूळ… डब्यात परत जातात.”

यावर बाईंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. त्यांच्या देशात बाई लग्न करो, मोडो, परत करो, कागदावर तिचं जन्माचं नाव मरेपर्यंत तेच राहतं, असं त्यांनी सांगितलं. मी धीर करून त्यांच्या पाटीकडे बोट दाखवलं. तर म्हणे, योहाना मारिया पेट्रोनेला विल्हेल्मिना. दोन आज्या, एक आत्या आणि एक धर्ममाता. आणि अनेमीक हे हाक मारायचं नाव!

“म्हणजे तुम्हालाही दोन नावं आहेत की!” मी विजयी स्वरात म्हणालो.

“ते वेगळं,” बाई म्हणाल्या. ते वेगळं का, हे विचारायची पद्धत खिडकीच्या या बाजूला नसते.

शेवटी त्यांनी उपाय सांगितला. भारतातला कागद आणा. तो नसेल तर ज्याने नाव बदललं त्याने, म्हणजे मी, लेखी निवेदन द्यावं. नाव कोणी दिलं, कुठे दिलं, त्याचा अर्थ काय आणि ते का निवडलं. सोबत काही पुरावा. खाली ‘वरील मजकूर खरा आहे’ असं लिहून दोघांनी त्यांच्यासमोर सह्या करायच्या. मजकूर खरा नसेल तर कागद मिळणार नाही.

केतकीने सगळं डचमध्ये टिपून घेतलं. मला मात्र त्यातल्या दोनच शब्दांनी घाम फुटला. ‘का निवडलं’.

आता तुम्हाला खरं सांगायला हरकत नाही.

आमचं लग्न डिसेंबर नव्व्याण्णवमधलं. तेव्हा सगळ्या जगातले कॉम्प्युटर एक जानेवारीला बंद पडणार अशी आवई होती आणि ते पडू नयेत म्हणून आम्ही सॉफ्टवेअरवाले दिवसरात्र दोन आकडी सालं चार आकडी करत बसलो होतो. आई महिनाभर विचारत होती, “अवि, नाव ठरवलंस का रे?” मी म्हणायचो, “ठरवतो.” जगाच्या तारखा दुरुस्त करणाऱ्या माणसाला हळदीच्या दिवशीसुद्धा नाव ठरवायला वेळ नव्हता! लग्न सांगलीत. लक्ष्मीपूजनही तिथेच कार्यालयात उरकायचं ठरलं आणि आमची पूजेची ताटं पुण्यातच राहिली, म्हणून मुलीकडच्यांनी कुठूनसं एक ताट आणून दिलं. त्यात तांदूळ पसरून ते समोर आलं. गुरुजींनी अंगठी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “लिहा.”

मी म्हटलं, “केतकीच राहू दे.”

“अहो, तेच काय? नवीन लिहा!” सगळ्या आत्या एका सुरात. फोटोग्राफर ओरडतोय, “साहेब, इकडे बघा, अंगठी वर!” पंगत खोळंबलेली. डोक्यात एकही नाव नाही. आठवतायत ती सगळी ऑफिसातल्या सर्व्हरची. मी आपली अंगठी तांदळात फिरवली, काठाकडचे थोडे तांदूळ सरकले आणि खाली स्टीलवर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं दिसली. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालतात तशी. ‘सौ. मालती’. पुढचं तांदळाखाली होतं.

मी ‘मालती’ लिहिलं. ‘सौ.’ गाळलं, एवढंच माझं स्वतःचं कर्तृत्व.

“वा! काय सोज्ज्वळ नाव!” आत्या म्हणाल्या. केतकीने ओठ दाताखाली दाबून मान खाली घातली. मला वाटलं, लाजली.

पुढच्या आठवड्यात तिने विचारलं, “मालती कसं काय सुचलं रे? माझ्या पिढीत एकही मालती नाही.” तोवर मी बाबांच्या संस्कृत शब्दकोशात शोधून ठेवलं होतं. मालती म्हणजे जाई. आणखी एक अर्थ, चांदणं. म्हटलं, “तुला पहिल्यांदा पाहिलं आणि मनात चांदणं पडलं. तेव्हाच ठरवलं.” शिवाय केतकी म्हणजे केवडा, आणि केवड्याने खोटी साक्ष दिली म्हणून तो शंकराला वाहत नाहीत. म्हटलं, असलं खोटं बोलणारं फूल आपल्या घरात कशाला! (हे मी म्हणालो. मी!)

केतकी खूश झाली. दरवर्षी लग्नाच्या वाढदिवसाला ती न चुकता विचारायची, “सांग ना, मालती कसं सुचलं?” आणि मी सांगायचो. दरवर्षी चांदणं थोडं वाढायचं. तिसऱ्या वर्षी त्यात नदी आली, पाचव्या वर्षी होडी.

तेव्हा निवेदन टाळून कागद मिळवणं एवढाच मार्ग होता. मी कॉलिंग कार्ड खरवडून पुण्याला फोन लावला. बाबा सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. सुनेचं नाव पासपोर्टापासून रेशनकार्डापर्यंत दोन महिन्यांत बदलून आणणारे तेच.

“बाबा, केतकीचं नाव बदलल्याचा कागद आहे का?”

“कागद? चांगले सहा आहेत! सगळीकडे मालती.”

“तसं नाही. आधी केतकी होती आणि मग मालती झाली, असा.”

“हॅ! जुन्या नावाचा मागमूस ठेवला नाही मी. प्रतिज्ञापत्र होतं, त्याची मूळ प्रतच पासपोर्टवाल्यांना देऊन टाकली. कामात कुठे फट नाही सापडायची!” बाबांचा आवाज अभिमानाने भरून आला होता. “गॅझेटची प्रत काढता येईल. दोन महिने धर. बाकी अवि, नाव मात्र काय ठेवलंस रे! ते होडीचं मी परवा ज्येष्ठ नागरिक संघात सांगितलं. दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं!”

दोन महिने. एक ऑक्टोबरला उरले होते अकरा दिवस.

शनिवारी सकाळी मी जेवणाच्या टेबलावर निवेदन लिहायला बसलो. केतकी समोर भाजी निवडत होती. दर पाच मिनिटांनी ती म्हणायची, “खरं लिही हं. माझी नोकरी आहे त्यात.”

“खरंच लिहितोय.”

“चांदण्याचं लिहिलंस?”

“हो.”

“पण आपण भेटलो सकाळी अकराला. आमच्या हॉलमध्ये. तू पोह्यांतल्या मिरच्या वेचून बाजूला ठेवत होतास.”

“चांदणं आतून पडलं होतं,” मी म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. “अवि, काही वेगळं लिहायचं असेल तर आत्ताच लिही. मी रागावणार नाही.”

माणसाला आयुष्यात अशी दारं क्वचित उघडी मिळतात. मी उठून ते लावून घेतलं. “वेगळं काय असणार?” म्हणालो, आणि आणखी अर्धं पान लिहिलं.

“बरं,” ती म्हणाली. “मग पुराव्याला लग्नाचा अल्बम नेऊ. नाव लिहितानाचा फोटो आहे आपल्याकडे. मोठा, पानभर.”

मलाही ते पटलं. फोटोत केतकी आहे, मी आहे, तांदळात ‘मालती’ आहे. यापेक्षा सज्जड पुरावा कोणता? मूर्खासारखा मीच तो पाच किलोचा अल्बम सायकलच्या कॅरियरला बांधून नेला.

मंगळवारी पुन्हा तीन नंबरची खिडकी. अनेमीकबाईंनी माझं दीड पानी निवेदन वाचलं. ‘चांदणं’ दोनदा वाचलं. होडीपाशी थांबल्या आणि पुढे गेल्या. मग अल्बम उघडला, फोटो पाहिला आणि ड्रॉवरमधून एक छोटं भिंग काढलं. पासपोर्ट तपासायचं असतं ना, ते.

“हे तांदळातलं नाव?”

“हो. मालती.” मी बोट फिरवून वाचून दाखवलं.

बाई भिंग डोळ्याला लावून फोटोवर वाकल्या. वाकलेल्याच राहिल्या. मग एक कोरा कागद घेऊन त्यांनी तांदळातली अक्षरं चित्रासारखी हळूहळू काढली. त्याखाली आणखी काहीतरी काढलं आणि तो कागद माझ्याकडे फिरवला.

“मला तुमची लिपी येत नाही,” त्या म्हणाल्या. “पण हे आकार तांदळात आहेत. आणि अगदी हेच आकार इथे, ताटाच्या काठावरही आहेत. धातूत कोरलेले. तुम्ही लिहिलंय, नाव तुमच्या मनात आलं. मग ते आधीच ताटावर कसं?”

सहा वर्षं! आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येक मराठी पाहुण्याने तो फोटो पाहिला होता. आईने पाहिला, आत्यांनी पाहिला. मी स्वतः शंभर वेळा पाहिला, पण माझं लक्ष नेहमी माझ्या फेट्यावर. आणि मराठीचं एक अक्षर न येणाऱ्या या बाईने मला दीड मिनिटात पकडलं!

बाईंनी शिक्का उचलला होता, तो पुन्हा खाली ठेवला. “मजकूर खरा नसेल तर मला कागद देता येणार नाही,” त्या शांतपणे म्हणाल्या.  केतकीचे दोन्ही हात मांडीवरच्या प्रयोगशाळेच्या पत्रावर होते. ते पत्र घड्या घालून, उलगडून आता फडक्यासारखं मऊ झालं होतं.

मी पत्राकडे पाहिलं आणि मला स्वतःची खरोखर लाज वाटली. मग सगळं सांगून टाकलं. तारखा, फोटोग्राफर, आत्या, सर्व्हर. “मला काही सुचत नव्हतं. समोर दिसलं ते लिहिलं. चांदणं नंतर शब्दकोशात सापडलं.” कान इतके तापले होते की त्यावर पापड भाजता आला असता. “सॉरी, केतकी. सहा वर्षं तुला फसवलं.”

“कोणी कोणाला?” केतकी म्हणाली.

“म्हणजे?”

“अरे, ते ताट बेबीमावशीचं आहे. आमच्याच शेजारून आणलेलं. तांदूळ मीच पसरले होते त्यात.”

“बेबीमावशीचं ताट, मग त्यावर मालती का?”

“तिचं खरं नाव मालती. बेबी हाक मारायचं नाव.”

काचेपलीकडे अनेमीकबाईंनी मान डोलावली. हा एक मुद्दा त्यांना पूर्ण पटला होता.

“म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून…”

“पहिल्या मिनिटापासून! हसू दाबताना ओठ चावला गेला माझा. बघ फोटोत.” बघितला. खरंच चावला होता. “दरवर्षी विचारायची, म्हटलं या वर्षी तरी खरं सांगेल. पण तू होडी आणलीस! मग मलाच उत्सुकता, पुढच्या वर्षी काय येतंय.”

“आणि बेबीमावशीला?”

“तिला वाटतं, तू तिच्या मानासाठी ते नाव ठेवलंस. मी सांगून ठेवलंय, त्याच्यासमोर विषय काढू नकोस, तो लाजतो. तुला दर दिवाळीला बेसनाच्या लाडवांचा वेगळा डबा का येतो, असं वाटतं तुला?”

मला वाटत होतं, माझ्या स्वभावामुळे.

अनेमीकबाईंना केतकीने हे सगळं डचमध्ये सांगितलं. मला त्यातला एकच शब्द कळला, ‘बोर्ट’, म्हणजे ताट. पण तो सात-आठ वेळा आला. बाई सुरुवातीला गंभीर होत्या. लाडवांपाशी त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. मग माझं दीड पान घेऊन त्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक सरळ रेघ मारली, खाली एका ओळीत काहीतरी लिहिलं, आमच्या सह्या घेतल्या आणि शिक्का मारला. ठप्प!

“काय लिहिलंय?” मी केतकीला विचारलं.

“‘घाईत ताटावरून वाचून लिहिले. दोन्ही नावांची व्यक्ती एकच.’”

परदेशातल्या सरकारी दप्तरात माझ्या आयुष्यातल्या एकमेव काव्याची ही नोंद आहे. अनेमीकबाई म्हणाल्या की असं निवेदन लगेच समजतं. मी ‘दांक यू वेल’ म्हणालो. पहिल्यांदाच योग्य ठिकाणी.

एक ऑक्टोबरला केतकी रुजू झाली. पदवीवरचंच नाव प्रयोगशाळेच्या दारावर लागलं, के. रानडे. सांगलीला वासुदेवरावांना फोनवर सांगितलं तर त्यांनी ‘के. रानडे’ असं दोनदा म्हणून पाहिलं. मग म्हणाले, “स्पेलिंग बरोबर आहे ना?”

डिसेंबरात प्रयोगशाळेची पार्टी होती, जोडीदारांसह. दारातच एका मुलीने हसून माझ्या कोटाला बिल्ला लावला. आत गेल्यावर मी तो उलटा वाचला. ‘श्री. रानडे’. केतकीचा नवरा म्हणजे रानडेच असणार, असा त्यांचा साधा हिशोब. मी दुरुस्ती करायला वळलो, तर केतकीने माझी बाही धरली.

“राहू दे ना. छान दिसतंय तुला.”

“अगं पण माझं नाव बदललं! न विचारता!”

“मग? लग्न झालंय तुझं,” ती म्हणाली. “आणि कसं सुचलं सांगू? तुला पहिल्यांदा पाहिलं, पोह्यांतल्या मिरच्या वेचताना, आणि माझ्या मनात चांदणं पडलं.”

संध्याकाळभर मी श्री. रानडे होतो. सगळे फार आदराने बोलले. माझी तक्रार एवढीच आहे, की तिच्या वेळी निदान तांदूळ तरी होते.